जमिनीवर पडलेला चिमटा

पावसाळ्यांत पुष्कळ मुंबईकर मंडळी कर्जतला उतरून कोंडाण्याचीं लेणीं पाहावयास जातात. राजमाचीच्या पायथ्याशीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं खोदलेल्या त्या बौद्ध लेण्यांवरून तेव्हां पाण्याच्या धारा कोसळत असतात. वाटेंत पाय घसरून कोणाचा गुडघा फुटला, तर घरचीं वडील माणसें लागलींच विचारतात, "धनुर्वाताचें इंजेक्शन घेतलेंस ना?" धनुर्वाताचे जंतु मातींत असतात हें आतां घरोघर ठाऊक झालें आहे. परंतु हीच माती वैद्याच्या हत्याराला लागली म्हणजे काय होतें? मुंबईशीं निगडित असलेली एक जुनी हकीकत त्याचें उत्तर देते.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेगनें थैमान घातलें. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. पुढें त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसांत गेली व तेथून लशीच्या बाटल्या दूरदूरच्या प्रांतीं रवाना होऊं लागल्या.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील, आतां पाकिस्तानांत असलेल्या, मुल्कोवाल या गांवीं १०७ जणांना ती टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एकाच बाटलींतील लस मिळालेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यांत आलें.

मात्र पुराव्यांत एक साधी गोष्ट होती. बाटली उघडण्यासाठीं वापरलेला चिमटा त्या दिवशीं जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करतांच पुन्हां वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हां लशीला वाईट वास नव्हता; म्हणजे जंतु तींत आधींपासून वाढत असल्याचें लक्षण नव्हतें. १९०७ सालीं रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनीं लंडनच्या 'टाइम्स' पत्रांतून हाफकिन यांची बाजू मांडली व ते दोषमुक्त झाले. १९२५ सालीं परळच्या संस्थेला त्यांचें नांव मिळालें. गेलेलीं १९ माणसें मात्र परत आलीं नाहींत.

हातून चिमटा पडणें हा अपघात आहे व तो कोणाच्याहि हातून घडेल. पडलेला चिमटा बाजूला न ठेवणें हा दोष होय. धनुर्वाताच्या जंतूंची बीजें इतकीं चिवट असतात कीं, हत्यार जंतुनाशकांत क्षणभर बुडवून काढल्यानें तीं मरत नाहींत. साध्या उकळत्या पाण्यालाहि तीं सहजीं दाद देत नाहींत. म्हणून रुग्णालयांत हत्यारें दाबाखालच्या वाफेंत, १२१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उष्णतेंत, ठरावीक वेळ ठेवतात.

हत्यारांचें तेंच हातांचें. १८४७ सालीं व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहांत डॉ. सेमेल्वाइस यांनीं, शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्यास लावलें. एप्रिलांत शेंकडा सुमारें १८ बाळंतिणी मरत होत्या. जूनमध्यें तें प्रमाण शेंकडा दोनांवर आलें. आज जागतिक आरोग्य संघटना हात स्वच्छ करण्याचे पांच प्रसंग सांगते: रोग्याला स्पर्श करण्यापूर्वीं, निर्जंतुक काम करण्यापूर्वीं, रक्त वा स्राव लागण्याचा संभव आल्यानंतर, रोग्याला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. हातमोजे घातले म्हणून यांतून सुटका नाहीं.

रुग्णालयांत फरशी चकचकीत दिसली आणि फिनेलचा वास आला, म्हणजे आपण समाधान पावतों. पण जंतु डोळ्यांना दिसत नाहींत व नाकालाहि कळत नाहींत. ते अडतात नियमानें, आणि नियम मोडला हें ज्याला दिसेल त्यानें बोललें पाहिजे. आजाऱ्याला भेटावयास जातां तेव्हां आधीं स्वतःचे हात साबणानें धुवा, सर्दी-तापांत जाणें टाळा, जखमेच्या पट्टीला हात लावूं नका. आणि परिचारिकेच्या हातून कांहीं खालीं पडलें, तर "बाई, दुसरें घेतां का?" असें सौम्यपणें विचारा. त्यांत तिचा अपमान नाहीं. चांगल्या परिचारिकेनें तें आधींच बाजूला ठेवलेलें असेल.