जुना बुद्धिबळाचा प्रोग्राम नव्या कम्प्युटरवर चालेल का? आधी डाव वाचवा, मग प्रोग्राम

इंदूर : राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर जेल रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि 'जुना कम्प्युटर देऊन टाकू, नवा घेऊ' हा विषय अनेक घरांत आला. रामबाग, लोकमान्य नगर असो की बेळगाव, बिदर, बऱ्हाणपूर, प्रश्न सगळीकडे सारखाच. पण ज्या घरात बुद्धिबळ खेळलं जातं, तिथे एक जास्तीचा प्रश्न असतो : पंचवीस-तीस वर्षांपासूनचा तो चेसमास्टर किंवा फ्रिट्झ नव्या मशीनवर चालेल का?

थोडक्यात उत्तर असं : बहुतेक जुने प्रोग्राम कोणत्या ना कोणत्या मार्गाने चालतात. प्रोग्रामची सीडी उद्याही कुठेतरी मिळेल. मिळणार नाहीत ते त्यात साठवलेले तुमचे डाव. म्हणून भंगारवाल्याला हाक मारण्याआधी हे वाचा.

सगळ्यात आधी : डाव बाहेर काढा

नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बटुमीला महिला विश्वचषक जिंकला. ते डाव जगातल्या कुठल्याही मोठ्या डेटाबेसमध्ये सापडतील. पण वडिलांनी १९९८ साली जिल्हा स्पर्धेत खेळलेला डाव, किंवा सरांनी शिष्यांच्या चुका दाखवायला जमवलेली दोनशे उदाहरणं त्या एका हार्ड डिस्कवरच असतात. स्कोअरशीट तर कधीच रद्दीत गेलेली असते.

डाव साठवण्याचा सगळ्यात टिकाऊ प्रकार म्हणजे पीजीएन. स्टीव्हन एडवर्ड्स यांनी १९९३ च्या सुमारास तो तयार केला. ही साधी मजकुराची फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडली तरी खेळाडूंची नावं, तारीख, निकाल आणि चाली वाचता येतात. आजचा जवळजवळ प्रत्येक बुद्धिबळ प्रोग्राम आणि वेबसाइट ती उघडते.

म्हणून जुना कम्प्युटर सुरू होतोय तोवर जुन्याच प्रोग्राममधून डाव पीजीएनमध्ये काढून घ्या. विंडोजवरच्या फ्रिट्झ आणि चेसबेसमध्ये पद्धत सोपी आहे. डेटाबेसची यादी उघडा, कंट्रोल-ए दाबून सगळे डाव निवडा आणि कंट्रोल-सीने कॉपी करा. मग नवा डेटाबेस बनवताना प्रकार पीजीएन निवडा आणि त्यात कंट्रोल-व्हीने चिकटवा.

प्रोग्राम सुरूच होत नसेल तर फाइली तरी उचला, पण इथे बरेच जण फसतात. चेसबेसचा एक डेटाबेस म्हणजे एक फाइल नसते. सीबीएच फाइलीत फक्त डावांची अनुक्रमणिका असते. प्रत्यक्ष चाली सीबीजीमध्ये, टिपणं सीबीएमध्ये, खेळाडूंची नावं सीबीपीमध्ये. नुसती सीबीएच पेन ड्राइव्हवर घेतली, तर पुस्तकाचं मुखपृष्ठ घेऊन पानं घरी विसरल्यासारखं होईल. डॉसच्या काळातल्या सीबीएफ फाइलीचंही तसंच, तिची जोडीदार सीबीआय सोबत हवीच. सोपा नियम : एकेक फाइल वेचू नका, पूर्ण फोल्डर उचला.

डाव फोल्डरमध्ये दिसत नसतील तर घाबरू नका. विंडोज व्हिस्टापासून 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्ये जुन्या प्रोग्रामना सरळ लिहू दिलं जात नाही. त्यांनी साठवलेलं विंडोज गुपचूप दुसरीकडे ठेवतं. तुमच्या युजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, त्यात लोकल, त्यात व्हर्च्युअल स्टोअर असा हा पत्ता आहे. ॲपडेटा लपवलेलं असतं, त्यामुळे आधी लपलेले फोल्डर दाखवण्याची सेटिंग चालू करा.

मराठी टिपणांची वेगळी अडचण आहे. युनिकोड येण्याआधी अनेकांनी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये लिहिलं. तो फॉन्ट नव्या मशीनवर नसेल तर मजकूर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. मजकूर गेलेला नसतो, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून कंट्रोल पॅनेलमधल्या फॉन्टच्या फोल्डरमधून तो फॉन्टही कॉपी करून ठेवा, आणि सवडीने कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये करा. पीजीएनचा मूळ नियम युरोपीय लिपी धरून केलेला आहे. त्यामुळे फाइलीत देवनागरी असेल तर ती यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा.

कालपर्यंत चालत होता, मग आज काय झालं?

राजवाड्याचंच उदाहरण घ्या. १९८४ च्या आगीत आतलं बरंच जळालं, दर्शनी भाग तेवढा उभा राहिला. नव्या विंडोजचंही काहीसं तसंच आहे. समोरून चेहरा ओळखीचा, पण जुना प्रोग्राम ज्या खोल्यांतून वावरायचा त्यातल्या काही खोल्या आता आत नाहीत.

डॉसचे आणि विंडोज ३.१ चे प्रोग्राम १६ बिटचे. विंडोज ९५ पासूनचे बहुतेक ३२ बिटचे. ६४ बिटची विंडोज ३२ बिटचं काम सांभाळून घेते, १६ बिटचं अजिबात नाही. विंडोज १० ही ३२ बिटमध्येही मिळायची, तिथे १६ बिटची सोय करता यायची. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. म्हणूनच जुन्या मशीनवर चालणारा प्रोग्राम नव्यावर थेट 'चालू शकत नाही' म्हणतो. त्यात सीडीचा दोष नाही आणि दुकानदाराचाही नाही.

डॉसचा प्रोग्राम असेल तर

१९८८ चा बॅटल चेस आठवतो? घोडा, हत्ती, वजीर पटावर चालत जाऊन एकमेकांशी लढायचे. असे प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये चालतात. डॉसबॉक्स मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर मिळतो. तो कम्प्युटरच्या आत एक जुना कम्प्युटर उभा करतो. गेमचा फोल्डर माउंट या कमांडने जोडायचा आणि आतली फाइल सुरू करायची, एवढंच.

वेग मात्र जुळवावा लागतो. डॉसबॉक्स सुरुवातीला साधारण ३००० सायकलवर चालतो, म्हणजे बराच संथ. कंट्रोल-एफ १२ ने वेग वाढतो, कंट्रोल-एफ ११ ने कमी होतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही प्रोग्राम जलद मशीनवर सुरू होतानाच 'रनटाइम एरर २००' देऊन बंद पडतात. तिथे वेग कमी करणं हाच उपाय.

विंडोज ३.१ च्या काळातला असेल तर

चेसमास्टर ४००० टर्बोसारखे प्रोग्राम या गटातले. यांना तीन वाटा आहेत. पहिली, विनईव्हीडीएम नावाचं मोफत साधन. ते ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे बरेच प्रोग्राम चालवतं. दुसरी, व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनी विंडोज टाकणं. त्यासाठी त्या विंडोजची स्वतःची सीडी आणि की लागते. तिसरी वाट स्वस्तातली : जुन्या मशीनवरच लिनक्स टाकून वाइनमधून प्रोग्राम चालवणं. वाइन १६ बिटचे प्रोग्रामही बऱ्यापैकी सांभाळतं.

व्हर्च्युअलबॉक्समधल्या एक्सपीला इंटरनेट देऊ नका. तिचा सपोर्ट २०१४ मध्येच संपलाय. बुद्धिबळ खेळायला नेट लागतही नाही.

विंडोज ९५ ते एक्सपीच्या काळातला असेल तर

फ्रिट्झ ५.३२, चेसमास्टर ९०००, २००७ ची चेसमास्टर ग्रँडमास्टर एडिशन हे इथे येतात. यांच्याबाबत आशा सगळ्यात जास्त. पण चार ठिकाणी अडतं :

• सेटअपच चालत नाही. त्या काळी प्रोग्राम ३२ बिटचा, पण त्याचा सेटअप १६ बिटचा, असं सर्रास असायचं. काही ओळखीच्या सेटअपना विंडोज स्वतः पर्याय लावते, बाकीचे अडतात. जुन्या मशीनवरचा इन्स्टॉल केलेला पूर्ण फोल्डर उचलून आणला तर प्रोग्राम बऱ्याचदा तसाच चालतो.

• डाव सेव्ह होत नाहीत. प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये न टाकता सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करून तिथे टाका.

• रंग किंवा पट विचित्र दिसतो. आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी. तिथे विंडोज एक्सपी निवडा, गरज पडली तर २५६ रंगांवर खूण करा.

• सीडी टाकली तरी 'सीडी टाका' म्हणतो. सेफडिस्क नावाचं कुलूप असलेल्या सीडी विंडोज १० पासून चालत नाहीत, कारण त्याचा ड्रायव्हर सुरक्षेसाठी काढून टाकलाय. अशा वेळी नेटवरून कुठलीतरी क्रॅक फाइल उतरवू नका, व्हायरस याच वाटेने घरात शिरतात. व्हर्च्युअलबॉक्समधली एक्सपी बरी.

जुना गडी आता जड का जातो?

'पूर्वी मी याला हरवायचो, आता जमत नाही' असं वाटलं तर वयाला लगेच दोष देऊ नका. 'एका चालीला पाच सेकंद' अशी पातळी ठेवली असेल तर त्या पाच सेकंदांत नवं मशीन कितीतरी जास्त चाली तपासतं. केन थॉम्पसन यांनी 'बेल' या यंत्रावर केलेल्या प्रयोगांत, एक चाल जास्त खोल पाहिली की ताकद सुमारे २०० रेटिंग गुणांनी वाढत असल्याचं दिसलं होतं. खोली वाढत जाते तसा हा फायदा कमी होतो, पण होतो. जुनी पातळी हवी असेल तर वेळेऐवजी खोलीची मर्यादा लावा.

फक्त जुन्या इंजिनशी खेळायचं असेल तर अख्खा प्रोग्राम लागतोच असं नाही. विनबोर्ड किंवा २००० साली आलेल्या यूसीआय पद्धतीचं इंजिन अरेनासारख्या मोफत प्रोग्रामला जोडता येतं. फ्रिट्झच्या जुन्या अंगभूत इंजिनांना मात्र त्यांचं स्वतःचंच घर लागतं.

एका रविवारचं काम

क्रम लक्षात ठेवा : पूर्ण फोल्डर कॉपी, पीजीएन, फॉन्ट, सीडीची आयएसओ फाइल, आणि शेवटी प्रोग्राम चालवण्याची खटपट. साडेतीन इंची फ्लॉपी असतील तर यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह मिळतो. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका. मशीन सुरूच होत नसेल तरी हार्ड डिस्क काढून घ्या. यूएसबी अडॅप्टर लावून ती दुसऱ्या कम्प्युटरवर वाचता येते.

पीजीएनच्या दोन प्रती ठेवा, एक घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. हजार डावांची फाइलही व्हॉट्सॲपवर सहज जाते. आणि ज्यांनी ते डाव खेळले ते घरात असतील, तर फाइल उघडून त्यांना शेजारी बसवा. कोणता डाव कुठल्या गावी, कुणाशी झाला, ते प्रोग्रामला ठाऊक नसतं. ते लिहून घ्यायचं काम आपलं.