रुबाबदार गाडीला टायर कोणते घ्याल?

नोएडातील एका मराठी कुटुंबातला हा प्रसंग. दारात पाच वर्षांची फॉर्च्युनर उभी. दिवाळीत याच गाडीने नागपूरला माहेरी जायचे आणि तिथून समृद्धी महामार्गाने शिर्डीला, असा बेत ठरलेला. पण पावसाळ्यात पाण्याखाली दडलेल्या एका खड्ड्यात पुढचे डावे चाक आपटले. रिमची कड वाकली आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला.

पतिराज टायरच्या दुकानातून परतले ते रंगीत कॅटलॉग घेऊनच. म्हणाले, ‘‘एकच चाक कशाला? चारही बदलून टाकू. वीस इंची अलॉय आणि पातळ टायर. दुकानदार म्हणाला, गाडी काल शोरूममधून आणल्यासारखी दिसेल.’’

‘‘अहो, दिसेल ते खरं, पण चालेल कशी?’’ पत्नीने विचारले. ‘‘मुलांना रोज शाळेत मीच सोडते. आत्ताच प्रत्येक गतिरोधकावर मागच्या सीटवर आई कंबर धरून बसतात.’’

त्या दिवशी खरेदी झाली नाही. आठवडाभर दोघांनी चौकशी केली आणि मगच पैसे मोजले. हा आठवडा फारच थोडी कुटुंबे देतात. सोफा घेताना चार दुकाने पालथी घालणारे आपण टायरच्या बाबतीत मात्र दुकानदार म्हणेल ते मान्य करतो. आणि घरातील स्त्री तर या खरेदीपासून चार हात दूरच असते, मग गाडी रोज तीच का चालवत असेना!

टायरवरचे आकडे वाचा

प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते. या गाडीच्या जुन्या टायरवर लिहिले होते : २६५/६० आर १८ ११० एच. पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, २६५ मिलिमीटर. दुसरा म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १८ हा रिमचा इंचांतील व्यास. ११० हा भाराचा सांकेतिक आकडा आहे, त्याचा अर्थ एक टायर १०६० किलो भार पेलू शकतो. शेवटचे अक्षर वेगाचे. ‘एच’ म्हणजे ताशी २१० कि.मी.पर्यंत. इतक्या वेगाने कोणी जायचे नसते, पण उष्णता सोसण्याची टायरची ताकद त्यावरून कळते.

आता दुकानदाराचे वीस इंची चाक पाहू. फॉर्च्युनरला कंपनीने १७ इंची रिमवर २६५/६५ आणि १८ इंची रिमवर २६५/६० असे दोन्ही टायर दिले आहेत. हौशी मंडळी २० इंची रिमवर २६५/५० बसवतात. गंमत अशी की, तिन्ही चाकांची एकूण उंची जवळजवळ सारखीच, म्हणजे साडेसत्याहत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरते. मग बदलते काय? रिम मोठी होते तसा टायरचा रबरी भाग कमी होत जातो. सतरा इंचीत रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सव्वासतरा सेंटिमीटर रबर व हवा असते, अठरा इंचीत सुमारे सोळा, तर वीस इंचीत जेमतेम सव्वातेरा. सर्व्हिस रोडवरचा खड्डा तोच, गतिरोधक तोच, पण धक्का झेलणारी गादी चार सेंटिमीटरने पातळ. उरलेला धक्का रिमला, सस्पेन्शनला आणि आईंच्या कमरेला.

परदेशातील गुळगुळीत रस्त्यांवर पातळ टायरची गाडी वळणावर छान वळते, यात शंका नाही. पण दिल्लीत पावसाळ्यात मिंटो ब्रिजखाली अनेकदा पाणी साचलेले आहे आणि पाण्याखाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही. तिथे चार सेंटिमीटर रबर फार मोलाचे ठरते. कंपनीने आपल्या गाडीसाठी एकाहून अधिक आकार दिले असतील, तर दिल्लीकरांनी त्यातला लहान रिमचा निवडावा, असे आम्हाला वाटते. मात्र ब्रेकच्या रचनेमुळे काही महागड्या गाड्यांना लहान रिम बसतच नाही. तेव्हा आपल्या गाडीची पुस्तिका आधी उघडा. मान्य आकार आणि हवेचे प्रमाण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीतही छापलेले असते.

आकार जुळला म्हणजे काम झाले असेही नाही. वीस इंची २६५/५० मध्ये १११ क्रमांकाचा टायर मिळतो, तसा १०७ चाही मिळतो. १०७ म्हणजे ९७५ किलो. कंपनीने १०६० किलोचा दिला होता, म्हणजे प्रत्येक चाकामागे ८५ किलो कमी. दोन टनांहून जड गाडी, त्यात सात माणसे, दिवाळीचे सामान आणि फराळाचे डबे! भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो टायर नको.

किमती गाड्यांच्या खास अडचणी

बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी अशा गाड्यांच्या टायरवर कधी कधी एक छोटी खूण असते. बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’. त्या गाडीसाठी खास जुळवून घेतलेला टायर, असा त्याचा अर्थ. ही खूण असलेलाच टायर घेतला पाहिजे असे बंधन नाही, पण चारही चाकांना एकच जात असावी.

हे चारचे गणित चारही चाके ओढणाऱ्या गाड्यांमध्ये फार महत्त्वाचे आहे. एका कोपऱ्यात नवा टायर आणि बाकी तीन निम्मे घासलेले असले, तर नवे चाक घेराने मोठे पडते. मैलभर रस्त्यात ते इतरांपेक्षा कमी फेरे घेते आणि हा फरक पुढची-मागची चाके जोडणाऱ्या यंत्रणेला सतत सोसावा लागतो. टायरचे पैसे वाचवले आणि गिअरचा खर्च ओढवून घेतला, असे होऊ शकते. फरक किती चालेल ते पुस्तिकेत दिलेले असते. काही गाड्यांत, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू एक्स-५ च्या काही प्रकारांत, मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. तेथे पुढची-मागची अदलाबदल करून झीज सारखी करण्याची सोयही उरत नाही.

मग रन-फ्लॅट टायरचा प्रश्न. हवा गेली तरी हे टायर जाड बाजूंच्या जोरावर साधारण ताशी ८० कि.मी. वेगाने ८० कि.मी.पर्यंत चालतात. म्हणून अशा अनेक गाड्यांत स्टेपनीच नसते. हे टायर कडक असतात आणि महागही, त्यामुळे ‘साधे लावा, गाडी मऊ चालेल’ हा सल्ला सर्रास मिळतो. गाडी मऊ चालते, हे खरेच. पण रात्री अकरा वाजता एक्सप्रेसवेवर, मुले मागे झोपलेली आणि टायर बसला, तर पुढे काय? साधे टायर लावायचे असतील तर स्टेपनी, जॅक आणि हवा भरण्याचा छोटा पंप यांची सोय त्याच दिवशी करावी. सरकारने जुलै २०२० मध्ये नियम बदलून, टायरमधील हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती ठेवली नाही. मात्र त्या संचातील द्रव बारीक छिद्र बुजवतो. बाजूने फाटलेल्या टायरला त्याचा काहीही उपयोग नाही.

हल्ली दिल्लीत जाडजूड नक्षीच्या, चिखलात चालणाऱ्या टायरचीही फॅशन आहे. गाडी वर्षातून एकदा उत्तराखंडच्या कच्च्या रस्त्यावर जाणार असेल आणि बाकी दिवस ऑफिस ते घर, तर हे टायर म्हणजे रोज गमबूट घालून कचेरीत जाण्यासारखे आहे. आवाज जास्त, इंधन जास्त आणि ओल्या डांबरावर ब्रेकही बहुधा लांब लागतो.

चाके कुठून घ्यावीत?

वाकलेल्या रिमचे काय करायचे? कड किंचित वाकली असेल तर चांगला कारागीर ती सरळ करतो. पण तडा गेलेली अलॉय रिम वेल्डिंग करून वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासचा धातू कमजोर होतो आणि पुढचा तडा सांगून येत नाही.

दिल्लीत पर्याय पुष्कळ. कश्मीरी गेट मोटारीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध, करोल बाग गाडीच्या सजावटीसाठी, तर मायापुरीत मोडीत काढलेल्या गाड्यांचे भाग मिळतात. मायापुरीत मूळ कंपनीचे एखादे चाक निम्म्याहून कमी किमतीत हाती लागते आणि ते नव्या नकली चाकापेक्षा चांगलेही असू शकते. पण ते मशीनवर फिरवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. डगमगते की नाही ते डोळ्यांनी दिसते. आतल्या बाजूला वेल्डिंगचा ओरखडा किंवा ताजा रंग दिसला, तर परत ठेवा.

नवे दुसऱ्या कंपनीचे चाक घेताना फक्त ‘बसते’ एवढे पुरेसे नाही. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास जुळला पाहिजे. फॉर्च्युनरला सहा नट आणि १३९.७ मि.मी.चे वर्तुळ लागते. मधले भोक हबवर घट्ट बसले पाहिजे, नाही तर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. चाक किती बाहेर येते तेही पाहावे. मडगार्डच्या बाहेर डोकावणारी चाके बेअरिंगवर जास्त ताण टाकतात आणि मागच्या गाडीवर चिखल उडवतात. चाकाच्या आत त्याची भार पेलण्याची क्षमता कोरलेली असते. ती नसेल तर दुकानाबाहेर पडावे.

कायद्याचाही एक पदर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. भलत्याच आकाराच्या चाकांमुळे अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्याची वेळ येऊ नये. विम्याचे निघालेच म्हणून सांगते, नेहमीच्या विम्यात नुसता टायर फुटला तर भरपाई मिळत नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तर टायरच्या खर्चाची निम्मीच रक्कम मिळते. टायरसाठी वेगळे संरक्षण जादा हप्ता भरून घेता येते. ज्यांचा एक टायरच अर्ध्या महिन्याचा पगार खातो, त्यांनी त्याचा जरूर विचार करावा.

‘नवा’ टायर किती जुना?

टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२५ असे लिहिले असेल तर टायर २०२५ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. वापरला नाही तरी रबर म्हातारे होते. जून २०२० मध्ये सरकारने टायरच्या आयातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून किमती गाड्यांचे काही आकार सहज मिळेनासे झाले. अशा वेळी गोदामात पडून राहिलेला माल ‘शेवटचे चारच आहेत’ म्हणून गळ्यात मारला जातो. वर्षाहून जुना टायर पूर्ण किमतीला घेऊ नये. बाजूवर आयएसआयची खूण आहे ना, तेही पाहावे, कारण आयात केलेल्या टायरलाही ती लागते. पक्के बिल घ्या आणि त्यावर चारही टायरचे क्रमांक लिहून घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिल न घेण्याचा मोह तेवढा तरी कमी व्हायला हरकत नाही!

दिल्लीत डिझेल गाडीच्या वयाचाही हिशेब करावा लागतो. दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये याच न्यायालयाने आधी सवलत दिली, मग ती मर्यादित केली. गाडी आठ-नऊ वर्षांची असेल तर आधी ताजा आदेश पाहा आणि मगच सर्वांत महागडा टायर घ्यायचा की मध्यम किमतीचा, ते ठरवा. पण वर्षभरात गाडी विकायची आहे म्हणून गुळगुळीत टायरवर दिवस ढकलू नका. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मि.मी. हवी. खाचांच्या तळाशी असलेले रबराचे छोटे उंचवटे नक्षीच्या बरोबरीला आले की टायर संपला.

हवा कमी भरायची नाही

ग्रेटर नोएडा ते आग्रा हा १६५ कि.मी.चा यमुना एक्सप्रेसवे २०१२ मध्ये खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ कि.मी.चा पूर्ण मार्ग. दोन्ही काँक्रीटचे आणि दोन्हींवर टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा. २०२३ मध्ये तर समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर परिवहन खात्याने टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या.

या रस्त्यांवर निघताना एक सल्ला हमखास मिळतो : ‘‘उन्हाळा आहे, पाच पौंड हवा कमी ठेवा, नाही तर टायर फुटेल.’’ हा सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, त्या वाकण्याने आतून तापते आणि तासन्‌तास वेगाने चालत राहिल्यावर हेच तापलेले रबर दगा देते. गाडी थंड असताना चिठ्ठीत लिहिली आहे तेवढी हवा भरावी. सामान व माणसे भरपूर असतील, तर पूर्ण भारासाठी लिहिलेली. वाटेत तापल्यावर दाब काही पौंडांनी वाढलेला दिसतो, तो सोडू नये. नायट्रोजन भरला तर तोटा नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यामुळे नायट्रोजनवाला सापडेपर्यंत कमी हवेवर गाडी हाकण्यात काही शहाणपणा नाही.

आता त्या नोएडाच्या कुटुंबाकडे येऊ. त्यांनी अठरा इंचीच ठेवले. वाकलेल्या रिमऐवजी मूळ कंपनीची एक रिम घेतली आणि चार टायर त्याच आकाराचे, भार ११० चे, तीन महिन्यांपूर्वी बनलेले. जुन्यांपैकी सर्वांत चांगला स्टेपनीला गेला. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट झाल्यावर शंभर कि.मी. चालवून नट पुन्हा आवळून घेतले. वीस इंची चाकांचे वाचलेले पैसे कुठे गेले, यावर मात्र पतिपत्नींचे अजून एकमत नाही. हवा मोजायचे घड्याळ आता गाडीच्या कप्प्यात असते आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळी, गाडी थंड असतानाच, ते पत्नीच्या हातात दिसते. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने स्टेपनीचीही हवा पाहिली. ती निम्मीच भरली!