मोटारींची शर्यत व तिच्या चित्रांचें मोल

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस यंत्रांची आवड आहे, त्यांनीं दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ‘फॉर्म्युला वन’ची शर्यत एकदां तरी पाहिली असेल. ताशीं तीनशें किलोमीटरहून अधिक वेगानें धांवणाऱ्या त्या मोटारी पाहून डोळे दिपून जातात. परंतु हें दृश्य आपल्या घरापर्यंत कसें येतें, त्याचा धनी कोण, आणि त्याच्या विक्रीचा खेळावर काय परिणाम होतो, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तोच आम्ही येथें थोडक्यांत मांडीत आहों.

या खेळाच्या जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोन येथें १३ मे १९५० रोजीं झाली. पुढें कित्येक वर्षें प्रत्येक शर्यतीचे चालक आपापला व्यवहार निरनिराळा करीत. कोणता संघ कोठें उतरेल याचा नेम नसे. आणि जो माल पुरा हातीं येईल याची शाश्वती नाहीं, त्यास कोणता व्यापारी चांगली किंमत देईल? ब्रॅबम संघाचे मालक बर्नी एक्लस्टोन यांनीं ही अडचण ओळखली. १९८१ सालच्या ‘काँकॉर्ड’ करारान्वयें संघांनीं प्रत्येक शर्यतींत उतरण्याचें बंधन पत्करिलें, व चित्रप्रक्षेपणाचे सौदे करण्याचें काम एक्लस्टोन यांच्या संघटनेकडे आलें. सुट्या काटक्यांची मोळी झाली, आणि मोळीचें मोल वाढलें. हक्कांचा मूळ धनी आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ होय. त्यानें ते २०११ पासून शंभर वर्षांच्या करारानें दिलेले आहेत. ते चालविणारी कंपनी २०१७ सालीं अमेरिकेच्या लिबर्टी मीडियानें विकत घेतली.

प्रक्षेपण करणारा पैसे देतो ते प्रेक्षकांच्या भरंवशावर. गोष्टीचा शेवट आरंभींच कळला, तर श्रोते उठून जातात. २००२ सालीं मायकेल शूमाकर यांनीं सहा शर्यती शिल्लक असतांनाच, जुलै महिन्यांत, अजिंक्यपद मिळविलें. पुढील सहा शर्यतींत पाहण्यासारखें काय उरलें? म्हणून २००३ पासून गुणांची पद्धत बदलण्यांत आली. पूर्वीं पहिल्यास १० व दुसऱ्यास ६ गुण मिळत. आतां दुसऱ्यास ८ मिळूं लागले. त्या वर्षीं शूमाकर यांनीं सहा शर्यती जिंकल्या व किमी रायकोनेन यांनीं एकच. तरी शेवटीं दोघांत अंतर राहिलें अवघ्या २ गुणांचें! चुरस वाढली खरी; पण विजयाची किंमत उतरली कीं नाहीं, हें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं ठरवावें.

दुसरी अडचण हवेची. पुढील गाडीनें ढवळलेल्या हवेंत मागील गाडीची रस्त्यावरील पकड कमी होते, व तिला जवळ जाणें कठीण पडतें. यावर २०११ पासून २०२५ पर्यंत असा उपाय होता कीं, ठराविक जागीं पुढील गाडीपासून एका सेकंदाच्या आंत असलेल्या चालकास आपल्या गाडीच्या मागील पंखाची फळी उघडून वेग वाढवितां येई. याउलट २०१४ सालीं शेवटच्या शर्यतीस दुप्पट गुण ठेवण्याची युक्ति कोणासच रुचली नाहीं, व ती एका वर्षांतच सोडून देण्यांत आली.

खरी कसोटी लागली ती १२ डिसेंबर २०२१ रोजीं, अबू धाबी येथें. लुईस हॅमिल्टन व मॅक्स व्हर्स्टापेन यांचे गुण समसमान होते. शेवटीं शेवटीं एक अपघात झाला, व सर्व गाड्या संरक्षक गाडीमागें संथ चालूं लागल्या. शर्यत अशा संथ गतीनें संपूं नये, ही संघांचीही पूर्वींपासून इच्छा होती. संचालकांनीं एक फेरी मागें पडलेल्या सर्व गाड्यांस पुढें न सोडतां, या दोघांमधील पांचच गाड्यांस सोडलें, व शेवटच्या एका फेरीसाठीं शर्यत मोकळी केली. नव्या टायरांवरील व्हर्स्टापेन पुढें निघून गेले. यापेक्षां चित्तथरारक शेवट कोणता? तथापि पुढील वर्षीं महासंघाच्या अहवालानें ही मानवी चूक ठरविली. निकाल मात्र कायम राहिला.

आणखी एक गोष्ट पालकांच्या ध्यानांत यावी. माल महाग विकला, म्हणजे गिऱ्हाईक कमी होतें. ब्रिटनमध्यें २०१९ पासून बहुतेक शर्यतींचें थेट प्रक्षेपण वर्गणी भरणारांसच दिसतें. धनिकाच्या मुलानें शर्यत पाहावी व गरिबाच्या मुलानें तिचा सारांश पाहावा, यांत आजचा लाभ असेल. पण उद्यांचा प्रेक्षक कोठून येणार?

मग खेळ रंगतदार करूंच नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. परीक्षेचे नियम वर्षाच्या आरंभीं बदलले व ते सर्वांस सारखे लागू केले, तर कोणाची तक्रार नसते; उत्तरपत्रिका लिहिणें चालूं असतां ते बदलणें हा मात्र अन्याय होय. शर्यतीचेंही तसेंच आहे. प्रेक्षक पैसे मोजतो तो लढत खरी आहे या विश्वासावर. तो विश्वास एकदां गेला, कीं चित्रें कितीही सुंदर असोत, त्यांचें मोल राहत नाहीं.