‘भाकरी’ म्हणजे कोणत्या पिठाची? एका आशीर्वादाचं भाषांतर करताना

पीएचडीची तयारी करत असाल तर एक वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल: ‘आधी संकल्पना स्पष्ट करा.’ म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मलाही ते कळलं ते माझ्या प्रकरणाच्या मसुद्यात एक शब्द चुकला तेव्हा. शब्द अगदी घरातला होता, ‘भाकरी’. मी हिंगोलीची, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. त्यामुळे हा शब्द तपासून बघावा असं मनातसुद्धा आलं नाही.

माझा विषय बेने इस्राएल समाजाच्या मराठी धार्मिक लेखनाचा. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबाग, पेण, रेवदंडा, मुरूड या भागातल्या गावांत ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावंही गावांवरून पडलेली: दिवेकर, केहिमकर, राजपूरकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारलं.

ज्यू धर्मात जेवणाआधी ब्रेडवर एक आशीर्वाद म्हणतात, त्याला ‘हमोत्सी’ म्हणतात. जमिनीतून ब्रेड बाहेर काढणाऱ्या देवाची त्यात स्तुती आहे. मी मसुद्यात त्याला ‘भाकरीवरचा आशीर्वाद’ असं लिहिलं आणि पुढे सरळ निष्कर्ष काढला: जुन्या काळी कोकणात रोजच्या जेवणाला हा आशीर्वाद ऐकू येत नसेल, तर समाज तो विसरला होता. गाइडनी समासात पेन्सिलीनं तीनच शब्द लिहून मसुदा परत दिला. ‘कोणत्या पिठाची भाकरी?’

दोन दिवस मला वाटलं, हे उगाच खुसपट काढतायत. नंतर ग्रंथ उघडून बसले तेव्हा कळलं की सगळा प्रश्न तिथंच आहे.

आधी विधी कसा असतो ते बघा. ब्रेड खाण्यापूर्वी भांड्यातून हातांवर पाणी ओतून हात धुतात आणि त्याचा वेगळा आशीर्वाद म्हणतात. मग ब्रेड हातात धरून हमोत्सी म्हणायचं, तुकडा मोडायचा, मिठाला लावायचा आणि खायचा. आशीर्वाद आणि पहिला घास यांच्यामध्ये बोलायचं नाही. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी, दोन अख्खे ब्रेड समोर ठेवतात. निदान एका ऑलिव्हएवढा ब्रेड खाल्ला तर जेवणानंतरची मोठी प्रार्थनाही करावी लागते. याचा पाया मिश्नातल्या ‘बेराखोत’ या भागाच्या सहाव्या अध्यायात आहे. तालमूदमध्ये त्यावर चर्चा आहे आणि तिथला विचार असा की आशीर्वादाशिवाय या जगाचा उपभोग घेणं म्हणजे देवाच्या मालकीची वस्तू परस्पर वापरणं.

इथं आपल्या डोक्यात लगेच नैवेद्य येतो. आमच्या जिल्ह्यातलं नर्सी हे नामदेवांचं गाव, त्यामुळे विठ्ठलाला जेवू घालणाऱ्या बाळ नामदेवाची गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकलेली. पण ही तुलना पहिल्या पायरीवरच अडते. नैवेद्यात अन्न देवाकडे जातं आणि प्रसाद होऊन परत येतं. हमोत्सीत देवाला काही वाढत नाहीत. जगातलं सगळं त्याचंच आहे, आशीर्वाद म्हटला की खायची परवानगी मिळते, एवढंच. ओळखीची तुलना सापडली की आपण तपासणं थांबवतो. माझंही तेच झालं होतं.

आता पीठ. हलाखा म्हणजे ज्यू धर्मशास्त्र. त्यानुसार ‘ब्रेड’ पाचच धान्यांचा होतो. गहू, जव आणि आणखी तीन, ज्यांना परंपरेनं स्पेल्ट, राय आणि ओट मानतात. तांदूळ यात नाही. ज्वारी नाही, बाजरीही नाही. पाचच का? तालमूदमधली कसोटी मला फार आवडली, कारण ती स्वयंपाकघरातली आहे. पाणी घालून ठेवलेलं पीठ फुगून आंबतं की नुसतं नासतं? फुगून आंबतं ते ब्रेडचं धान्य. तांदूळ आणि ‘दोहान’ नावाचं बारीक धान्य नासतं, म्हणून ते बाहेर. योहानान बेन नूरी नावाच्या एका विद्वानाचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते तांदूळही याच धान्यांत धरायला हवा. पुढे कायदा त्यांच्या बाजूनं गेला नाही, पण मत नोंदवून ठेवलेलं आहे.

ही कसोटी मी फोनवर आईला सांगितली. ती म्हणाली, ‘ज्वारी आंबत नाही म्हणणाऱ्यानं आंबील खाल्ली नाही कधी.’ बरोबरच आहे की! पण ग्रंथकारांच्या डोळ्यांसमोर आंबट चव नव्हती, कणीक फुगणं होतं. गव्हाच्या पिठातलं ग्लूटेन कणकेत हवा धरून ठेवतं, म्हणून ती फुगते. ज्वारीत ग्लूटेन नाही. म्हणून तर भाकरीला गरम पाणी लागतं आणि पिठाची विरी गेली की भाकरी थापताना तुटते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ‘आंबणं’ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांनी वापरलाय. माझी ‘भाकरी’ नेमकी अशीच घसरली होती.

मग ज्वारीच्या भाकरीवर काय म्हणायचं? योसेफ कारो यांचा ‘शुल्हान आरुख’ हा धर्मशास्त्राचा ग्रंथ १५६५ मध्ये व्हेनिसला छापला गेला. त्यात दोहानच्या ब्रेडला ‘शेहाकोल’ सांगितलंय. सगळं काही देवाच्या शब्दानं झालं, असा त्याचा अर्थ. पाणी, दूध, मांस, अंडी यांनाही हाच आशीर्वाद. दोहान म्हणजे नेमकी ज्वारीच का, यात आत्ता शिरू नका. ती त्या पाचांत नाही, एवढं आपल्याला पुरतं. तांदळाचं मजेशीर आहे. तो ब्रेडचं धान्य नाही, पण पोट भरतो, म्हणून शिजवलेल्या भाताला आणि तांदळाच्या भाकरीला ‘मझोनोत’ हा मधला आशीर्वाद. गव्हाचं म्हणाल तर तव्यावर कोरडी भाजलेली पोळी सहसा ब्रेडमध्ये धरतात, तिच्यावर हमोत्सी. पातळ पीठ ओतून केलेलं धिरडं गव्हाचं असलं तरी ब्रेड नाही. पुरीवर मतभेद आहेत. कणीक घट्ट, पण तळलेली, त्यामुळे वाद. शुल्हान आरुखनं दोन्ही मतं देऊन सुचवलंय की काटेकोर माणसानं असा पदार्थ दुसऱ्या ब्रेडवर आशीर्वाद म्हणून त्या जेवणातच खावा. म्हणजे वादात पडायला नको.

यामुळे फरक किती पडतो ते आमच्या घरच्या ताटावरून सांगते. ताटात पोळी, पिठलं, मेथीची भाजी, भात आहे. पोळीवर हमोत्सी म्हटलं की जेवणातलं बाकी सगळं त्यात आलं. आता पोळी काढून ज्वारीची भाकरी ठेवा. साधारणपणे भाताला एक आशीर्वाद, मेथीला दुसरा, भाकरी आणि पिठल्याला मिळून तिसरा. त्यातही मुख्य पदार्थ कोणता आणि तोंडी लावणं कोणतं, हा नियम मध्ये येतो आणि गणित पुन्हा बदलतं. जेवणानंतरची मोठी प्रार्थना तर गळूनच पडते. ताट जवळजवळ तेच, पण एक पीठ बदलल्यावर धर्मशास्त्राच्या दृष्टीनं ते वेगळं जेवण झालं.

आता कोकणात परत चला. कोकण भाताचा प्रदेश. रोजचं जेवण म्हणजे भात, मासळी आणि तांदळाची भाकरी. गहू येणार तो बाहेरून. म्हणजे एखादा बेने इस्राएल माणूस धर्मशास्त्र काटेकोर पाळत असता, तरी रोजच्या ताटावर हमोत्सी म्हणायचा प्रसंगच आला नसता! समजा, एखाद्या प्रवाशानं लिहून ठेवलं की यांच्या जेवणाला ब्रेडचा आशीर्वाद ऐकला नाही. त्यावरून ‘विसरले’ असं म्हणता येत नाही आणि ‘पाळत होते’ असंही म्हणता येत नाही. ती नोंद या प्रश्नावर काहीच बोलत नाही. मी मात्र एका अख्ख्या समाजाला विसराळू ठरवून मोकळी झाले होते, तेही भाषांतरातल्या एका शब्दावर.

त्यांच्याकडे काय टिकलं होतं, ते हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या इतिहासात वाचा. हे पुस्तक १८९७ मध्ये लिहून झालं आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापलं गेलं. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना त्यांनी धरून ठेवली होती. सणांची नावं तर पूर्ण मराठी: खिरीचा सण, नव्याचा सण. आणि मलिदा! एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं करायचा विधी. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि सोबत फळं. फळांच्या जातीप्रमाणे आशीर्वाद वेगळे. झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्याला दुसरा. केळं दुसऱ्या गटात जातं, कारण केळीचं खोड वर्षानुवर्षं टिकत नाही. असा बारकावा असलेला समाज ‘आशीर्वाद विसरलेला’, असं लिहायला किती धीर लागला असेल मला.

घोळाचं मूळ अर्थात माझ्या आधीचं आहे. मराठी बायबलमध्ये ब्रेडसाठी ‘भाकर’ हा शब्द रुळला. अन्न, उपजीविका या अर्थानं तो चपखल आहे, आपणही ‘कष्टाची भाकर’ म्हणतोच. पण धर्मशास्त्राच्या प्रश्नात तोच शब्द दिशाभूल करतो, कारण मराठी माणसाची भाकरी ज्वारीची, बाजरीची, नाचणीची, तांदळाची, म्हणजे नेमकी ज्यावर हमोत्सी होत नाही ती. आणि आपण जिला भाकरी म्हणत नाही, ती पोळी मात्र चालते. भाषांतर शब्दकोशाप्रमाणे बरोबर आणि निष्कर्षासाठी उलटं, असंही होऊ शकतं. तुमच्या विषयात असा शब्द नक्की असेल. सहसा तो सगळ्यात सोपा वाटणारा असतो, आपण ज्याला तळटीपही देत नाही.

जाता जाता तालमूदमधला एक किस्सा सांगते, तुमच्या कामाचा आहे. आशीर्वादात ‘मोत्सी’ म्हणायचं की ‘हमोत्सी’, यावर वाद होता. ‘मोत्सी’ म्हणजे ‘बाहेर काढलं’, यावर सगळ्यांचं एकमत. ‘हमोत्सी’ हे रूप भूतकाळ दाखवतं की भविष्यकाळ, यावर भांडण. एकदा रब्बी झेरा यांच्याकडे आशीर्वादांचा मोठा जाणकार म्हणून गाजलेला एक विद्वान आला. समोर ब्रेड आला आणि त्यानं ‘मोत्सी’ म्हटलं. झेरा वैतागले. हा म्हणे जाणकार! ‘हमोत्सी’ म्हणाला असता तर अर्थही कळला असता आणि कायदा कुणाच्या बाजूनं आहे तेही. ‘मोत्सी’ म्हणून यानं आम्हाला शिकवलं काय? तालमूद पुढे सांगतं की त्या बिचाऱ्याला वादातून अंग काढून घ्यायचं होतं. कायदा ‘हमोत्सी’चाच झाला. माझ्या पहिल्या मसुद्यात अशी ‘मोत्सी’ छापाची, कुणीच हरकत घेणार नाही अशी वाक्यं ढिगानं होती. त्यांना गाइडनी पेन्सिलसुद्धा लावली नव्हती.

प्रकरणात आता मी ‘हमोत्सी’ हाच शब्द ठेवलाय. तो पहिल्यांदा येतो तिथं धान्यांवर दीड पान लिहिलंय आणि ‘विसरले’ असलेला परिच्छेद काढून टाकलाय. दिवाळीत हिंगोलीला गेले तेव्हा आईनं परातीत भाकरी थापता थापता विचारलं, ‘मग आपल्या भाकरीला त्यांच्यात काहीच नाही का?’ मी म्हटलं, ‘आहे ना, शेहाकोल. सगळं देवाच्या शब्दानं झालं, असं म्हणायचं.’ ती म्हणाली, ‘मग बरंय, त्यात सगळंच आलं,’ आणि भाकरी तव्यावर टाकली.