समीकरणातला दुसरा हिशेब

रासायनिक समीकरण संतुलित करताना आपण आधी अणू मोजतो. आयनांच्या समीकरणात तेवढ्याने भागत नाही. प्रभारही जुळावा लागतो. या दोन नियमांपैकी प्रभाराचा नियम वयाने मोठा. तरी समीकरणात तो फार उशिरा आला.

वीज नव्याने निर्माण होत नाही, ती एका वस्तूतून दुसरीत जाते, असे बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ मध्येच मांडले होते. लव्हाझिएचा ग्रंथ १७८९चा. द्राक्षरस आंबताना आधीचे आणि नंतरचे वस्तुमान सारखेच राहते, हे गृहीत धरून त्याने समीकरणाचा पाया घातला. पुढे १८१३-१४ मध्ये बर्झेलियसने मूलद्रव्यांना अक्षरसंज्ञा दिल्या आणि अणूंचा जमाखर्च कागदावर मांडणे सोपे झाले.

प्रभार मात्र बाहेरच राहिला, कारण द्रावणात तो कोण वाहून नेतो हे कळले नव्हते. १८३४ मध्ये फॅरेडेने ‘आयन’ हा शब्द वापरात आणला. पण विद्युतप्रवाह सोडल्यावरच आयन सुटे होतात, अशी समजूत होती. मीठ पाण्यात विरघळताच आयन वेगळे होतात, हे ठामपणे सांगितले स्वान्ते अऱ्हेनियसने. उप्सालामध्ये १८८४ साली त्याच्या प्रबंधाला खालची श्रेणी मिळाली. त्याच विचाराला १९०३ मध्ये नोबेल मिळाले. दरम्यान १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि देवाणघेवाण मोजायचे एकक हाती आले.

त्याने काय बदलले, ते एका उदाहरणात दिसते. चांदीच्या आयनांच्या द्रावणात तांब्याची तार ठेवली की चांदी सुटते आणि तांबे आयन होऊन द्रावणात उतरते. एक तांबे, एक चांदी असे लिहिले तर अणू बरोबर जुळतात, पण प्रभार डावीकडे अधिक एक, उजवीकडे अधिक दोन. तांब्याने सोडलेले दोन इलेक्ट्रॉन घ्यायला चांदीचे दोन आयन हवेत. परमँगनेट आणि फेरस आयनांच्या आम्लातील अभिक्रियेतही असेच: एक परमँगनेट, पाच फेरस, आठ हायड्रोजन आयन. प्रभार दोन्हीकडे अधिक सतरा.

म्हणूनच प्रभाराची पडताळणी हा परीक्षेपुरता उपचार नव्हे. अणूंची मोजणी पदार्थ कुठे गेले ते सांगते; ऑक्सिडीकरण कोणाचे झाले आणि क्षपण कोणाचे, हे मात्र इलेक्ट्रॉनांच्या हिशेबातूनच कळते.