मारामारीचं कसब (भाग 5) : परळची नादिया, दादरचे भगवानदादा

गेल्या आठवड्यात आपण पडद्यावरची तलवारबाजी पाहिली. या वेळी हातघाई : ठोसा, थोबाडीत आणि माणूस उचलून फेकणं. यासाठी हाँगकाँगला जायचं कारण नाही, परळला गेलं तरी पुरतं.

परळचा राजकमल स्टुडिओ म्हटलं की व्ही. शांताराम आठवतात. पण त्यांच्याआधी त्या आवारात वाडिया मूव्हीटोन होतं. जहाजबांधणीत पिढ्यान्‌पिढ्या नाव कमावलेल्या वाडिया घराण्याचा लवजी कॅसल हा वाडा तिथलाच. जे. बी. एच. आणि होमी या दोघा भावांनी 1933 साली तिथे ही कंपनी काढली. 1935 च्या ‘हंटरवाली’त त्यांनी नादियाला नायिका केलं. मूळची मेरी इव्हान्स, जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा. नृत्य शिकलेली, सर्कशीत काम केलेली. चाबूक फिरवणारी, पुरुषांना लोळवणारी ही बाई गिरणगावच्या पिटातल्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली.

‘मिस फ्राँटियर मेल’ (1936) मधली धावत्या गाडीच्या टपावरची मारामारी आजही पाहावी. ती लक्षात राहते ती नादियाच्या ताकदीमुळे, पण तेवढ्यामुळेच नाही. तिथे माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. पायाखाली टप किती अरुंद आहे, तोल कुठे जातोय, गडी कोणत्या बाजूने पडणार, हे सगळं आपल्याला आधीच कळतं. म्हणून जीव वर-खाली होतो. तिचं माणूस खांद्यावर उचलणंही नीट बघा. अशा उचलीत अर्धं काम उचलला जाणारा करतो. योग्य क्षणी तो स्वतः उसळी घेतो, अंग ताठ धरतो, वजन खांद्याच्या मधोमध येऊ देतो. तो क्षण चुकला तर दोघांचीही कंबर गेली. त्या पडणाऱ्या गड्यांपैकी बहुतेकांची नावं आज कुणाच्या ओठांवर नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ठोशाचं गणित वेगळं. मूठ चेहऱ्यापासून वीतभर अंतरावरून जाते. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे ठेवला की ती वीत दिसेनाशी होते. मार खाणाऱ्याने नेमक्या क्षणी मान फिरवायची, आवाज नंतर भरायचा. खरा कस मार खाणाऱ्याचाच. मान जरा उशिरा फिरली की सगळं खोटं वाटतं.

थोबाडीत मात्र अशी लपत नाही. कॅमेरा जवळ असेल तर गाल आणि तळवा दोन्ही प्रेक्षकासमोर उघडे असतात, म्हणून पुष्कळदा खरीच मारली जाते. त्याची किंमत एका मराठी अभिनेत्रीने मोजली. 1942 साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान म्हणजेच भगवानदादा यांनी ललिता पवार यांना मारलेली थप्पड फार जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचार काही वर्षं चालले. नायिकेच्या भूमिका संपल्या. पुढे त्या डोळ्यासकट त्यांनी खाष्ट सासू आणि मंथरा अशा उभ्या केल्या की देशभर बायका त्यांच्या नावाने बोटं मोडत. अभिनय त्यांचा थोर होताच. पण त्या दिवशी हात किती वेगाने, कुठवर येणार हे आधी बसवलेलं असतं, तर ही वेळ आली नसती.

भगवानदादा अनाडी नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं. गिरणी कामगाराचा हा मुलगा 1938 पासून कमी खर्चाचे स्टंटपट काढत होता. कामगार वस्तीत ते धो धो चालत. स्वतःच्या उड्या, स्वतःची मारामारी ते स्वतः करत. डुप्लिकेट नाही. पुढे ‘अलबेला’ने (1951) त्यांना वैभव दिलं, ते गेलं, आणि 2002 साली दादरच्या चाळीतल्या खोलीतच ते वारले. एवढा अनुभवी माणूससुद्धा चुकतो, म्हणूनच सेटवर मारामारी बसवणारा वेगळा माणूस लागतो.

राजकमलच्याच ‘दो आंखें बारह हाथ’मध्ये (1957) बैलाशी झुंजताना खुद्द शांतारामांच्या डोळ्यांना जबर इजा झाली होती. दिग्दर्शक आणि निर्माता तेच. त्यांना थांबवणार कोण?

आज दोर, गाद्या आणि संगणक आहेत, माणसं पूर्वीपेक्षा सुरक्षित आहेत, हे उत्तमच. पण दर अर्ध्या सेकंदाला कट मारलेली मारामारी माझ्या डोक्यात थिएटरच्या दारापर्यंतही टिकत नाही. कोण कुठे उभा आहे हेच कळत नसेल, तर भीती कशाची वाटणार?

या कसबाला राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत स्वतंत्र जागा मिळाली ती थेट 2017 साली. पहिला मान ‘पुलिमुरुगन’ या मल्याळम चित्रपटासाठी पीटर हेन यांना मिळाला. ऑस्करमध्ये तर हा विभाग 2027 च्या चित्रपटांपासून सुरू होणार आहे. तेव्हा पुढच्या वेळी चित्रपट संपला की लगेच उठू नका. फाइट मास्टरचं नाव आणि त्याच्या माणसांची नावं वाचूनच बाहेर पडा.