नोकरी सांभाळून फुटबॉल

५ जून २०२५ची रात्र. दुसऱ्या दिवशी बकरी ईद. अशा रात्री निम्मं मस्कत आपापल्या गावी निघून गेलेलं असतं. कुणी निझवाला, कुणी सूरला, कुणी डोंगरातल्या एखाद्या वाडीवर. आम्ही पाच-सहा जण मात्र अल खुवैरच्या एका मलबारी कॉफीशॉपात टीव्हीसमोर बसलो होतो. हातात करक चहा आणि कागदात गुंडाळलेला परोठा. त्यात चीज असतं आणि वरून चुरलेले 'चिप्स ओमान'. आपल्याकडे मिसळीवर फरसाण पडतं ना, तसंच हे. ओमानात वाढलेल्या आमच्या मुलांना पुरणपोळीपेक्षा हाच परोठा प्यारा आहे, आणि त्यावर वाद घालणं मी केव्हाच सोडलंय.

सामना मस्कतमध्येच होता, जॉर्डनशी. २०२६च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला. मध्यंतराच्या तोंडावर जॉर्डनच्या अली ओलवाननं पेनल्टीवर पहिला गोल मारला. मध्यंतरानंतर दुसरा मारला आणि चौसष्टाव्या मिनिटाला तिसरा. तिन्ही त्याचेच. आमच्या ऑफिसातले बू सालेम (वय छप्पन्न, मुंबईच्या सिनेमांवर शिकलेलं अस्सल हिंदी) उठले, सगळ्यांचं बिल दिलं आणि म्हणाले, "खलास." मराठीत आणि अरबीत हा शब्द एकच, अर्थही एकच. त्या रात्री जॉर्डन इतिहासात पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र ठरलं. तेही मस्कतमध्येच, ओमानला त्याच्याच घरी हरवून.

ओमानी माणसाला हे दुखणं नवं नाही, त्यातही जॉर्डनचं तर नाहीच. २०१४च्या विश्वचषकासाठी खेळताना ओमान शेवटच्या सामन्यापर्यंत शर्यतीत होता. १८ जून २०१३ला अम्मानमध्ये जॉर्डननं १-० असं हरवून दार लावून घेतलं. २०२२च्या वेळची गोष्ट तर आणखी जिव्हारी लागणारी. सप्टेंबर २०२१मध्ये जपानला जपानमध्ये, ओसाकाजवळच्या सुइताला, ओमाननं १-० हरवलं. इसाम अल सब्हीचा गोल ८८व्या मिनिटाचा. आशियातल्या भल्याभल्यांना जे जमत नाही ते या चिमुकल्या देशानं केलं होतं. गटाच्या शेवटी ओमानचे गुण झाले १४ आणि तिसऱ्या आलेल्या ऑस्ट्रेलियाचे १५. दहावी-बारावीच्या निकालात असा एक गुण ज्यांच्या घरी हुकलाय, त्यांना जास्त सांगायला नको.

दिवाळी अंकासाठी 'ओमानच्या फुटबॉलचा आढावा' लिहा, असं संपादकांनी सुचवलं तेव्हा मला हसू आलं. इथल्या मराठी माणसाचा खेळ क्रिकेट. ओमानचा क्रिकेट संघ तर जवळजवळ सगळा भारत-पाकिस्तानातून नोकरीसाठी आलेल्यांचा. २०१६च्या ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकात धरमशालेला त्यांनी आयर्लंडला हरवलं; सप्टेंबर २०२५च्या आशिया चषकात जतिंदर सिंगच्या या संघानं भारतालाही सहजासहजी जिंकू दिलं नाही, एकवीस धावांनीच हरले. तो संघ पाहताना आपलीच माणसं पाहिल्यासारखं वाटतं. फुटबॉलचा संघ मात्र ओमानींचा. इथला माणूस खरा कोण, त्याला कशाची भीती वाटते, तो कशावर जीव टाकतो, हे कळायला फुटबॉलच पाहावा लागतो. संध्याकाळी सीबच्या किंवा अझैबाच्या किनाऱ्यावर जा. ओहोटीनंतरच्या ओल्या वाळूत काठ्या रोवून गोल केलेले असतात आणि अनवाणी पोरं अंधार पडेपर्यंत खेळतात. २०१५मध्ये वाळूवरच्या फुटबॉलचं आशियाई विजेतेपद ओमानकडे आलं, त्यात नवल काहीच नव्हतं.

ओमानी नागरिकांची संख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणे शहराहूनही कमी. एवढ्याशा देशातली पोरं मुळात किती गुणी असतात, याचा पुरावा जुना आहे. १९९५मध्ये इक्वेडोरला सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला. ओमान त्यात चौथा आला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला ओमानचाच मोहम्मद अल कथिरी. पुढे १९९६ आणि २००० साली सोळा वर्षांखालच्या मुलांचं आशियाई विजेतेपदही ओमाननं पटकावलं. ही पोरं मोठी झाल्यावर गेली कुठे? कथिरी युरोपातल्या कुठल्या मोठ्या क्लबात कधी दिसला नाही. त्याच्या बरोबरीचे बहुतेक जण घरीच राहिले.

घर सोडलं ते एकानं. अली अल हब्सी. (मराठी कानाला इथे 'हबशी' ऐकू येतं आणि जंजिरा आठवतो. त्या शब्दाशी याचा संबंध नाही. हब्सी हे ओमानातल्या एका कुळाचं नाव.) १९८१चा जन्म. अल मुधैबी नावाच्या खालच्या श्रेणीतल्या क्लबाचा गोलरक्षक, आणि पोटापाण्यासाठी सीबच्या विमानतळावर अग्निशमन दलात नोकरी. जॉन बरिज हा इंग्लिश गोलरक्षक त्या वेळी ओमानात प्रशिक्षक होता. स्वतः आयुष्यभर एका क्लबातून दुसऱ्या क्लबात भटकलेला माणूस. त्यानं हे पोरगं हेरलं आणि याला बाहेर पाठवायचंच असा ध्यास घेतला. २००३मध्ये हब्सी ऑस्लोच्या लीन क्लबात गेला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हातून थेट नॉर्वेच्या बर्फात. दुसऱ्याच वर्षी तो नॉर्वेतला वर्षाचा सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. जानेवारी २००६मध्ये इंग्लंडमध्ये बोल्टन. तिथे पुढे फिनलंडचा युस्सी यास्केलाइनेन भिंतीसारखा उभा. दीड वर्षाहून जास्त काळ हब्सी बाकावर बसला, पण परत आला नाही. मग विगन. २०१०-११च्या मोसमात विगनच्या चाहत्यांनी त्याला वर्षाचा खेळाडू निवडलं. मे २०१३मध्ये विगननं मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला तेव्हा तो बाकावर होता, आणि त्याच आठवड्यात विगन प्रीमियर लीगमधून खाली घसरलं. पुढे रेडिंग, मग रियाधचं अल हिलाल. ओमानात रस्त्यांवर माणसं फार मरतात, म्हणून त्यानं रस्ते सुरक्षेसाठी एक संस्थाही सुरू केली. इथे शाळकरी पोरांना गोलमध्ये उभं राहायची हौस असते. आपल्याकडे गोलमध्ये कोण उभं राहतं? ज्याला पळायचा कंटाळा तो.

हब्सीच्या जोरावरच २००९चं गल्फ कपचं विजेतेपद आलं. त्याआधी २००४ आणि २००७ असे लागोपाठ दोन अंतिम सामने ओमान हरला होता. जानेवारी २००९मध्ये मस्कतला प्रशिक्षक क्लोद ल रुआच्या संघानं संपूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही. अंतिम सामन्यात सौदी अरेबियाला पेनल्टींवर ६-५ हरवलं. स्पर्धेतला सर्वोत्तम गोलरक्षक हब्सी, लागोपाठ चौथ्यांदा. सर्वाधिक गोल करणारा हसन रबिया नंतर सौदीतल्या अल नस्रमध्ये गेला. जानेवारी २०१८मध्ये कुवेतला दुसरं विजेतेपद आलं, तेही पेनल्टींवर आणि तेही गोलरक्षकाच्या हातून. फायझ अल रुशैदीनं अमिरातीच्या उमर अब्दुलरहमानची पेनल्टी एकदा खेळात आणि पुन्हा एकदा शूटआउटमध्ये अडवली. त्यानंतर मात्र अंतिम सामन्यांत हारच. २०२३मध्ये बसराला इराककडून जादा वेळेत ३-२. जानेवारी २०२५मध्ये कुवेतला बहरीनविरुद्ध आघाडी घेऊन दहा-बारा मिनिटं उरली असताना आधी पेनल्टी आणि लगेच स्वयंगोल. बू सालेम म्हणतात, "आमच्याकडे दार राखणारे आहेत, दार फोडणारे नाहीत."

हब्सीनंतर बाहेर कोणीच गेलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. इमाद अल हुस्नी बेल्जियमच्या शार्लरोआत थोडा काळ खेळला, मग जेद्दाच्या अल अहलीत. दीडशेहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला अहमद मुबारक, ज्याला सगळे 'कानो' म्हणतात, आखातातल्या बड्या क्लबांत वावरला. अलीकडे मुहसिन अल घस्सानी थायलंडच्या बँकॉक युनायटेडमध्ये गेला. याच घस्सानीच्या गोलनं नोव्हेंबर २०१९मध्ये मस्कतला भारत १-० असा हरला होता. त्या रात्री मी भारताच्या बाजूच्या प्रेक्षकांत होतो आणि ऑफिसात पुढचा आठवडाभर तोंड लपवत होतो. पण ही नावं बोटांवर मोजून संपतात. बरेचसे गेले ते कतार, सौदी, कुवेत, म्हणजे एका उड्डाणावर. गुरुवारी संध्याकाळी घरी येता येईल एवढ्या अंतरावर.

का, याचं उत्तर इथल्या फुटबॉलच्या वेळापत्रकात आहे. ओमानची लीग १९७६पासूनची आणि २०१३-१४पासून तिला 'व्यावसायिक' म्हणू लागले. तरी अनेक खेळाडूंच्या पाठीशी दुसरी नोकरी असतेच, कुणाची सैन्यात, कुणाची पोलिसात, कुणाची एखाद्या खात्यात. राष्ट्रीय शिबिराला जायचं तर खात्यानं मोकळं करावं लागतं. परदेशी क्लबाचं बोलावणं आलं की पहिला प्रश्न खेळाचा नसतोच. नोकरी राहील का? वडिलांचं मत काय? घराचं कर्ज कोण फेडणार? हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, ही म्हण अरबीतही कुठल्याशा रूपात असणारच. आणि मराठी माणसानं यावर नाक मुरडू नये. आमच्या पिढीतल्या किती चांगल्या कबड्डीपटूंनी रेल्वे किंवा बँकेची नोकरी लागली की हुश्श केलं, हे आपण जाणतो. हब्सीचं वेगळेपण त्याच्या हातांत कमी आणि त्या एका निर्णयात जास्त आहे, असं मला वाटतं. विमानतळावरची पक्की नोकरी सोडून तो बर्फात गेला.

शेजाऱ्यांनी नेमकं हेच ओळखलं. जॉर्डनचा मूसा अल तमारी फ्रान्समध्ये आधी माँपेलिए आणि मग रेनमध्ये खेळतोय. जॉर्डन मस्कतला पात्र ठरलं त्याच दिवशी उझबेकिस्तानही पहिल्यांदा पात्र ठरलं. त्यांचा बचावपटू अब्दुकोदिर खुसानोव जानेवारी २०२५मध्ये फ्रान्सच्या लाँसहून मँचेस्टर सिटीत गेला होता. आणि अमेरिका? सप्टेंबर २०२३मध्ये ओमान मिनेसोटातल्या सेंट पॉलला मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेला आणि ४-० हरला. त्या अमेरिकी संघात इटली, फ्रान्स, इंग्लंडच्या क्लबांत रोज घासून निघणारी पोरं होती. पुलिसिचसारखे तर विशीच्या आतच युरोपात गेलेले. अमेरिकेची लीग स्वतः श्रीमंत आहे, तरी पोरं बाहेर जातात. ओमानची लीग श्रीमंत नाही, तरी पोरं घरी राहतात. या दोन वाक्यांच्या मधे ते चार गोल बसतात.

क्लब पातळीवर मात्र एक उजळ पान आहे आणि ते घरी राहिलेल्यांचंच आहे. २२ ऑक्टोबर २०२२ला अल सीब क्लबनं मलेशियात जाऊन क्वालालंपूर सिटीला ३-० हरवलं आणि एएफसी कप आणला. हा मान मिळवणारा तो पहिला ओमानी क्लब. प्रशिक्षक ओमानचेच रशीद जाबेर. त्यांच्याकडेच सप्टेंबर २०२४मध्ये राष्ट्रीय संघ सोपवला गेला. जून २०२५मध्ये जॉर्डनकडून हरल्यानंतर पाच दिवसांनी पॅलेस्टाइनविरुद्ध एक गोल मागे, त्यात एक खेळाडू लाल कार्ड दाखवून बाहेर. सत्त्याण्णवाव्या मिनिटाला इसाम अल सब्हीनं पेनल्टीवर बरोबरी साधली आणि ओमान चौथ्या फेरीत गेला. पॅलेस्टाइन त्या एका पेनल्टीवर बाहेर पडलं. सब्हीनं तेव्हा कुठे पाहिलं असेल, कोण जाणे.

मग जाबेर गेले आणि पोर्तुगालचे कार्लोस केरोश आले. पहिली चुणूक ताजिकिस्तानातल्या एका स्पर्धेत, ८ सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात, तीही आपल्या भारताविरुद्ध. जमील अल यहमदीनं ओमानला पुढे नेलं, आपल्या उदांतानं बरोबरी केली आणि पेनल्टींवर खालिद जमीलचा भारत जिंकला. शेवटची पेनल्टी यहमदीचीच, ती आपला गोलरक्षक गुरप्रीतनं अडवली. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात मस्कती हलव्याचा डबा नेला. बू सालेमनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "साब, हमारा ही हलवा हमको खिला रहे हो!"

ऑक्टोबरात दोहाला शेवटची संधी होती. ८ तारखेला कतारशी ०-०. पुन्हा दार राखलं. ११ तारखेला अमिरातीविरुद्ध बाराव्या मिनिटालाच त्यांच्या स्वयंगोलमुळे आघाडी मिळाली. ती ७६व्या मिनिटापर्यंत टिकली. मग मेलोनी आणि सात मिनिटांनी काइओ लुकास. २-१. संपलं. त्या रात्री कॉफीशॉपात बिल कुणी दिलं ते आठवत नाही.

पुढे काय? मला वाटतं, संघ बदलायला प्रशिक्षक बदलून फारसं होणार नाही. सतरा-अठरा वर्षांची पाच-सहा पोरं बाहेर राहायला हवीत, घरापासून लांब आणि बाकावर बसायची तयारी ठेवून. बू सालेमना हे बोललो तेव्हा त्यांनी पुतण्याची गोष्ट काढली. डावखुरा विंगर, बर्कामधला. या उन्हाळ्यात त्याच्याकडे एका आठवड्यात दोन निरोप आले. एक युरोपातल्या छोट्या क्लबाकडून पंधरा दिवसांच्या चाचणीचा, स्वखर्चानं. दुसरा सैन्यभरतीचा.

"मग?" मी विचारलं.

"भरती झाला," ते म्हणाले. "ड्युटी दोनला सुटते. क्लबची प्रॅक्टिस साडेसातला असते. मधे झोपायलाही मिळतं."